राखलेले आणि निवडलेले

‘तुला राखलं लेकरा देवानं.’

1993 सालच्या ऑक्टोबरात, औसा तालुक्यातील एका जमीनदोस्त गावाबाहेर, पत्र्याच्या शेडसमोर उभे राहून आम्ही हे वाक्य ऐकले. बोलणारी आमच्या मित्राची आई होती. तिचा मुलगा जाऊन दहा-बारा दिवस झाले होते. वाक्यात टोमणा नव्हता, हेवाही नव्हता. असता तर बरे झाले असते, कारण टोमण्याला काही तरी उत्तर देता येते. तिने आमच्या पाठीवरून हात फिरवला आणि चहाचे आधण ठेवले. ‘राखणे’ हे क्रियापद आमच्याकडे मुख्यतः पिकासाठी वापरतात. जोंधळा पाखरांपासून राखावा लागतो. जे राखले गेले नाही ते पाखरांनी नेले, असे लोक साधेपणाने म्हणतात. त्या दिवशी त्या क्रियापदाचे कर्म आम्ही होतो, आणि ते कर्म आमच्या कोणत्याही कर्माने आम्हांस मिळालेले नव्हते.

झाले होते ते इतकेच. आम्ही व तो लातुरात एका खोलीत राहून शिकत होतो. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनासाठी दोघांनी मिळून त्याच्या गावी जायचे ठरले होते. दुपारी जेवण झाल्यावर आम्हांस झोप लागली. तो पुढे एस.टी. स्टँडवर गेला, आमच्यासाठी त्याने एक गाडी सोडली, दुसरी सोडणे शक्य नव्हते. आम्ही संध्याकाळी उठलो तेव्हा किंचित ओशाळलो, इतकेच. दुसऱ्या दिवशी, 30 सप्टेंबरला, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. लातुरातही लोक रस्त्यावर धावत आले. उजाडल्यावर किल्लारीचे नाव कानी पडू लागले. मिळेल त्या ट्रकमधून आम्ही तिकडे गेलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गावे नव्हती, दगडांच्या राशी होत्या.

आमच्या भागातील माळवदाची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना अधिक सांगायला नको. दगड-मातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर तुळया, तुळयांवर मातीचा जड थर. उन्हाळ्यात अशा घरात शिरले की जीव निवतो. त्या पहाटे याच घरांनी माणसे मारली. भूकंपशास्त्राच्या मोजपट्टीवर 6.2 हा काही जगातील मोठा आकडा नव्हे, पण त्या भिंतींना आणि त्या मातीला तो पुरला. सुमारे दहा हजार माणसे गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील बावन्न गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. आदल्या वर्षी, 1992 साली, किल्लारीच्या परिसरात लहान लहान धक्के बसले होते. तेव्हा घाबरून लोक बाहेर निजत होते. वर्षभरात भीती ओसरली आणि माणसे पुन्हा आत निजू लागली.

कारणे ही अशी सगळी सांगता येतात. भिंत का पडली हे सांगता येते. भिंतीखाली तो का आणि आम्ही का नाही, याला मात्र दुपारच्या झोपेपलीकडे कारण नाही. त्या झोपेला ‘देवाने राखले’ म्हणायचे, तर त्याने सोडलेल्या त्या एका गाडीला काय म्हणायचे?

पुढे नोकरीनिमित्त आम्ही नांदेडला आलो. तेथे आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत. मूळचे उदगीरकडचे, मेथडिस्ट मंडळीतले. सगळी गल्ली त्यांना गुरुजी म्हणे. आम्ही त्या काळात वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत होतो, आणि ख्रिस्ती परिभाषेतील अनेक शब्द आपल्याला केवळ वरवर कळतात हे ध्यानात येऊन त्यांच्याकडे जाऊ लागलो होतो. ‘कृपा’ हा त्यांतला पहिला शब्द. आम्हांस वाटे, हा तर आपलाच शब्द. त्यात शिकण्यासारखे काय असणार? गुरुजी म्हणाले, ‘सर, तुमच्या कृपेत थोडी लायकी असते. आमच्यात लायकी असली की कृपा संपली.’

मग त्यांनी रोमकरांस पत्राचा नववा अध्याय काढला. रिबेकेच्या पोटातील जुळे अजून जन्मलेले नाहीत, त्यांनी बरे-वाईट काहीही केलेले नाही, आणि तरी धाकट्याला निवडले गेले आहे. का, असे विचारणाऱ्याला पौल उलट विचारतो की, मडक्याने कुंभाराला जाब विचारावा काय? आम्ही साहित्याचे विद्यार्थी. आमच्या दृष्टीने हे उत्तर नव्हते, प्रश्नाचे तोंड बंद करणे होते. तसे आम्ही म्हणालोही. गुरुजी हसले आणि म्हणाले, ‘पंधराशे वर्षं माणसं यावरच भांडलीत.’

ते भांडण थोडक्यात असे. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस नावाचा एक तपस्वी म्हणू लागला की, देवाने माणसाला चांगले वागण्याची आज्ञा केली आहे त्या अर्थी तसे वागण्याची शक्तीही माणसात असली पाहिजे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्याला कडाडून विरोध केला. माणसाची इच्छाच आजारी आहे. चांगले इच्छिण्यासाठीसुद्धा कृपा आधी हवी, असे त्याचे म्हणणे. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसचे मत त्याज्य ठरविले. आम्हांस प्रामाणिकपणे सांगायचे तर पेलागियस अधिक आवडतो. त्याचे म्हणणे शाळामास्तरासारखे स्वच्छ आहे. परीक्षा आहे त्या अर्थी अभ्यासक्रम असलाच पाहिजे. पण ऑगस्टीनने स्वतःच्या आयुष्याकडे मागे वळून पाहिले होते, आणि त्यात आपण वाचावे असे आपल्या बाजूने काही त्याला दिसले नव्हते. हा फरक आम्हांस पुढे फार महत्त्वाचा वाटू लागला. पेलागियस पुढे काय करायचे ते सांगतो. ऑगस्टीन मागे काय घडले ते सांगतो.

सोळाव्या शतकात कॅल्विनने हाच विचार शेवटापर्यंत नेला. देवाने काहींना तारणासाठी निवडले आहे आणि काहींना नाही, ही निवड जगाच्या उत्पत्तीपूर्वीची आहे, आणि तिला निवडल्या गेलेल्याचा कोणताही गुण कारण नाही. गंमत अशी की, या निर्णयाच्या मुळाशी कुतूहलाने शिरू नका, तो चक्रव्यूह आहे, असा इशारा त्यानेच दिला आहे. त्याचे अनुयायी शिरलेच. 1618-19 साली हॉलंडमधील डॉर्ट येथे धर्मसभा भरली आणि मानवी प्रतिसादाला थोडी जागा मागणाऱ्या आर्मिनियसच्या पक्षाला तिने बाहेर काढले. त्याच सुमारास, 1616 साली, इकडे गोव्यात फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले होते. स्टीफन्स जेझुइट, आणि जेझुइटांचा पंथ मानवी इच्छेची बाजू घेणारा. त्यामुळे मराठी ख्रिस्ती कवितेचा आरंभ डॉर्टच्या छायेबाहेर झाला. कॅल्विनची परंपरा मराठीत आली ती दोन शतकांनी, प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांबरोबर. गुरुजींचा मेथडिस्ट पंथ तर वेस्लीचा, आणि वेस्लीने या बिनशर्त निवडीवर 1739 साली जाहीर प्रवचनात तोफ डागली होती.

‘मग तुम्ही हे का मानता?’ आम्ही विचारले.

‘मंडळीत मानत नाही. घरात मानतो,’ ते म्हणाले.

त्यांचे आजोबा मांग होते. 1899-1900 च्या दुष्काळात त्यांचे कुटुंब निजामाच्या राज्यात अन्नाच्या शोधात फिरत मिशनच्या आश्रयाला गेले. गावात पुढे तीन पिढ्या ‘पोटासाठी बाटले’ असे ऐकावे लागले. गुरुजी म्हणाले, ‘लोक म्हणतात भुकेनं गेले. खरंच आहे. आजोबा काही रोमकरांस पत्र वाचून गेले नव्हते. पण सर, भूक हे तुम्हांला अपात्रता वाटते. मला तीच गोष्ट दिसते. ज्याच्यापाशी द्यायला काहीच नाही त्याला घेतलं.’ मग थोडे थांबून, ‘गाव आम्हांला काय सांगत होतं? की तुम्ही असे जन्मलात, कारण मागच्या जन्मी तुम्ही तसे वागलात. म्हणजे आमचा हिशेब चुकता होता. हिशेब नसलेला देव आम्हांला पहिल्यांदाच भेटला.’

यावर आम्ही बरेच दिवस विचार करीत होतो. मॅक्स वेबरने जगातील अन्यायाची तर्कदृष्ट्या सुसंगत उत्तरे तीनच मानली आहेत: भारतीय कर्मसिद्धान्त, पारशी धर्मातील सत्-असत् शक्तींचे द्वैत आणि दैवी पूर्वनिवडीचा सिद्धान्त. वर्गात आपण हे तिन्ही एका ओळीत लिहून टाकतो. परंतु गावकुसाबाहेरून पाहिले तर पहिले आणि तिसरे एकमेकांच्या समोरासमोर उभे आहेत. कर्मसिद्धान्तात कोणीही निष्कारण दुःखी नाही, आणि म्हणून कोणाचेही दुःख अन्याय्य नाही. निवडीच्या सिद्धान्तात कोणीही सकारण सुखी नाही. उच्चवर्णीयाला दुसरा विचार क्रूर वाटतो, याचे एक कारण त्याला पहिला सोयीचा पडतो, असे आम्हांस वाटते. आमच्या स्वतःच्या अस्वस्थतेतही हे थोडेफार असावे.

तरीही हा सिद्धान्त आम्हांस पटला असे नाही. ‘निवडणे’ म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर आजी येते. उन्हात सूप घेऊन बसलेली, डाळीतले खडे वेचणारी. (राजकारणातली निवडणूक त्यानंतर येते, आणि त्या शब्दाची रया त्याच क्रमाने गेली आहे.) या निवडण्यात न्याय आहे, डाळ डाळ आहे आणि खडा खडा आहे. ऑगस्टीन-कॅल्विन म्हणतात, सुपात सगळे खडेच आहेत, त्यांतले काही उचलून घेतले आहेत. उचललेल्या खड्याने कृतज्ञ व्हावे हे ठीक. उरलेल्यांचे काय, हे विचारणारा खडा उद्धट ठरतो.

या कोड्याची जात मराठी वाचकाला अगदी परकी नाही. कठोपनिषदात आत्मा प्रवचनाने वा बुद्धीने लाभत नाही, तो ज्याला वरतो त्यालाच लाभतो, अशा आशयाचे वचन आहे. तेथील क्रियापद ‘निवडण्या’चेच आहे. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या माहूरला महानुभावांच्या परंपरेतील एक विलक्षण प्रसंग घडतो. चक्रपाणी तेथे गेले असता दत्तात्रेयप्रभू वाघाच्या रूपाने समोर आले आणि त्यांनी मस्तकावर पंजा ठेवून शक्ती दिली. ही कथा आम्हांस सर्व अनुग्रहकथांत खरी वाटते, कारण पंजा मस्तकावर येत असताना तो कशासाठी येतो आहे हे वरून कळण्याची सोय नाही. तमिळ वैष्णवांत तर यावरून दोन पंथ झाले. एक म्हणतो, जीव माकडाच्या पिल्लासारखा. आईला त्याने स्वतः घट्ट धरले पाहिजे. दुसरा म्हणतो, मांजरीच्या पिल्लासारखा. आईच त्याला मानेला धरून उचलते. गुरुजींना हा दृष्टान्त फार आवडला. आम्ही म्हणालो, ‘पण गुरुजी, मांजर एका वेळी एकच पिल्लू उचलते.’ ते त्यावर काही बोलले नाहीत.

उरलेल्या पिल्लाकडे पाहण्याची खोड साहित्याची असावी. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याच्याबरोबर त्याचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि श्रीपतला वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून पुढाकार घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. थोरला पुढे आमच्याच मराठवाड्यात आला. जालन्याजवळ सालारजंगाच्या काळात मिळालेल्या जमिनीवर त्याने बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली आणि मांग-महारांत काम केले. एकाच घरातले दोन भाऊ, एकाच दारापर्यंत गेलेले. एक आत, एक बाहेर. रिबेकेच्या जुळ्यांची गोष्ट याहून जवळ कोठे सापडणार? फरक इतकाच की, येथली निवड वयाच्या कायद्याने झाली. नारायण शेषाद्रींचे चरित्र सांगितले जाते. श्रीपत इतिहासात केवळ ‘प्रकरण’ म्हणून उरला आहे.

‘स्मृतिचित्रे’चे मोठेपण आम्हांस येथे दिसते. नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराची कथा पूर्वनिवडीच्या नमुन्यात चपखल बसते. आगगाडीत एक अनोळखी युरोपीय भेटतो, बायबल देतो, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करतो, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा होतो. पण ही कथा आपल्याला सांगते कोण? त्या गाडीत नसलेली, मागे राहिलेली, त्या बातमीने कोसळलेली बायको. लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली, मधली वर्षे जातीपातीशी झगडून, आपल्या पायांनी चालून. टिळकांना मांजरीने उचलले, लक्ष्मीबाई माकडाच्या पिल्लासारख्या आल्या. आणि हसतखेळत लिहिण्याची शक्ती दुसरीकडे होती.

गुरुजींशी आमचा खरा वाद झाला तो किल्लारीवरून. तोवर आम्ही मित्राविषयी त्यांना काही सांगितले नव्हते. सांगितल्यावर त्यांनी बायबल उघडले ते रोमकरांस पत्राशी नव्हे, लूकच्या तेराव्या अध्यायाशी. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेलेली असतात. येशू विचारतो, ती काय यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक पापी होती? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. अर्थात पुढचे वाक्यही गुरुजींनी वाचले, लपवले नाही: पश्चात्ताप न कराल तर तुमचाही तसाच नाश होईल. समजूत घालणारे ते वचन नव्हे. पण मेलेल्यांच्या पापपुण्याची मोजणी तेथे थांबते, एवढे खरे. आम्हांस 1934 आठवले. त्या वर्षीच्या जानेवारीत बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे म्हटले, आणि रवींद्रनाथांनी जाहीरपणे त्याला हरकत घेतली. गांधीजींचा हेतू कितीही निर्मळ असो, आम्ही रवींद्रनाथांच्या बाजूचे आहोत. किल्लारीच्या शेडमध्येही कोणत्या गावाने कोणत्या देवाचे काय बिघडवले होते याच्या कहाण्या फिरत होत्या; त्या सांगणारे बहुधा शेजारच्या, न पडलेल्या गावांतले असत.

‘हेच तर म्हणतो आहे,’ गुरुजी म्हणाले. ‘निवड ही गोष्ट फक्त स्वतःबद्दल बोलायची असते, सर. मला उचललं, एवढंच म्हणायचं. त्याला सोडलं, हे म्हणायला मी कोण?’ आम्ही म्हणालो, हे व्याकरण छान आहे, पण दुसरे वाक्य न उच्चारल्याने खोटे ठरत नाही. ते म्हणाले, ‘नाही ठरत.’ मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जिच्यासाठी आम्ही त्या रूक्ष डॉर्टच्या सभेला अर्धीअधिक क्षमा केली आहे. तिच्या नियमांत पहिल्याच प्रकरणात एक कलम आहे. भाविक आईबापांची जी मुले तान्हेपणी देवाघरी जातात, त्यांच्या निवडीविषयी आईबापांनी शंका बाळगू नये. सहा महिने तर्कावर तर्क रचणाऱ्या त्या पंडितांना मध्येच कोणाची तरी रडणारी बायको आठवली असावी. तर्काने पाहता ते कलम तेथे नीट बसत नाही. ते काढावे असेही कोणाला वाटले नाही.

2004 च्या दिवाळीत आम्ही मित्राच्या आईकडे गेलो. गाव नव्या जागी वसले होते. सरळ रस्ते, सिमेंटची घरे, माळवद कोठेही नाही. ती ओसरीवर सूप घेऊन तूरडाळ निवडत होती. आम्ही नांदेडचे, नोकरीचे, मुलांचे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग मान वर न करता म्हणाली, ‘तुला एक सांगू का? त्याला बाहीर पारावर निजायचं होतं, पोरांसंगं. म्याच म्हणलं, दमून आलास, आत नीज. भिंतीकडंला नवी वाकळ हातरून दिली. म्या अंगणात निजले.’

आम्ही काही बोललो नाही.

‘तू आला असतास तर तुलाबी आतच हातरलं असतं,’ ती म्हणाली.

अकरा वर्षे आम्ही देवाला विचारीत होतो, आणि ती देवाला काहीच विचारीत नव्हती. निवड तिने केली होती, मायेने, एका वाकळेच्या जागेपुरती. ती माणसाच्या हातात नसतेच, असे सांगणारा सिद्धान्त आम्हांस पाठ होता. डॉर्टचे कलम आठवत होते. ‘आई, ते तुझ्या हातात नव्हतं’ हे वाक्य ओठांवर आले, आणि ते आपण तिच्यासाठी म्हणतो आहोत की आपल्या त्या दुपारच्या झोपेसाठी, हे न कळल्यामुळे तेथेच राहिले.

तिने सुपातली अर्धी डाळ एका ताटात ओतून आमच्यापुढे सरकवली. ‘बस की. तुझे डोळे चांगले हायत.’ आम्ही मांडी घालून बसलो. डाळ स्वच्छ होती, खडे फारसे नव्हते. तरी आम्ही दोघे दिवेलागणीपर्यंत निवडीत बसलो.